शपथेनंतरचं पान

पूर्णगडच्या कातळावर मालिनीच्या आजोबांनी लावलेलं हापूसचं कलम होतं. एक वर्ष लगडायचं, दुसऱ्या वर्षी नुसती पालवी. ही खोड साऱ्या हापूसचीच. पण मालिनी रत्नागिरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, आणि तिला त्या खोडीचं मूळ पेशीच्या आत शोधायचं होतं. डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण त्यांच्यावर मिथाइलच्या बारीक खुणा बसतात. खूण बसली की तेवढा भाग गप्प. झाड कशामुळे गप्प बसतं, हे तिला बघायचं होतं.

अट एकच. मोहोर काढायचं औषध या झाडाला घालायचं नाही. ते घातलं की झाड दरसाल धरतं आणि तिचे सगळे कष्ट मातीत. बाग धाकट्या भावाकडे, सलिलकडे होती. २००१ च्या मे महिन्यात त्याने बुंध्यावर पंजा ठेवून शपथ घेतली. वर हसला, ‘काय गो ताई, सख्ख्या भावावर विश्वास नाही?’ त्या दिवशी तिने एकाच फांदीची दोन पानं खुडली. एक पोचल्या पोचल्या, शपथेआधी, दुसरं निघताना.

पुढेही ती पानं नेत राहिली, गोठवत राहिली. २००३ च्या थंडीत, पाळी नसताना, झाड मोहोरलं. मग तिने सगळी पाकिटं बाहेर काढली.

औषध घातलेल्या झाडात एका ठरावीक जागी खूण बसते. खूण असली की डीएनए कापणाऱ्या विकराची कातर तिथे चालत नाही, तुकडा अख्खा राहतो आणि जेलवर पट्टा उमटतो. यंदाच्या पानात पट्टा होता. गेल्या वर्षीच्याही. त्याआधीच्याही. पहिल्या दिवशीचं, निघताना खुडलेलं पान, त्यातही. फक्त पोचल्या पोचल्या खुडलेलं कोरं. मधे गेला होता तो जेमतेम चहा पिण्याइतका वेळ. तेवढ्यात कुठलंच औषध पानापर्यंत चढत नाही. पाकिटं बदलली असतील म्हणून तिने पुन्हा केलं. तेच आलं.

तरी एक समजूत तिने घट्ट धरली. भाऊ पहिल्यापासून खोटं बोलत आला. ते कडू होतं, पण कळण्यासारखं होतं.

रविवारी ती बागेत गेली आणि खुरप्याने बुंध्याभोवतीची माती उकरली. औषधाचा उग्र वास आला. सलिलने लगेच कबूल केलं. एकदाच घातलं, या पावसाळ्यात. दोन वर्षं बागेने हात दिला नव्हता. शेजारच्या बागेतले मजीदभाई दगडी गडग्यापलीकडे उभे होते. त्यांना तिने विचारलं.

‘खोटं कशाला बोलू, बाय? औषध मीच दिलं. यंदाच,’ ते म्हणाले. ‘त्याच्याआधी कधीच नाय. ही माती माझ्या नजरेसमोर असते.’ एवढं बोलून ते मान खाली घालून निघून गेले.

मालिनीला तहान लागली. वारा पडला होता. एवढ्या मोहोरावर एक माशी नव्हती.

‘शपथ घेतलीस तेव्हा तुझ्या मनात काय होतं?’

सलिलने बुंध्यावरच्या तांबड्या मुंग्यांच्या रांगेतलं एक ओंबील नखाने चिरडलं. दुसरं चिरडलं.

‘मनातलं कुणाला दिसतं, ताई?’

मग तो जवळ आला. तिच्या डोक्यावर पंजा ठेवला आणि म्हणाला, ‘तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. परत नाही घालणार.’

आवाज अगदी खरा होता. तिला रडू आलं.

सोमवारी प्रयोगशाळेत आणखी कुणी नव्हतं. मालिनीने स्वतःचं बोट टोचलं. हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. आंब्याच्या डीएनएमधली ती जागा माणसात मुळी नसतेच. तिथे काही उमटायचं कारण नव्हतं.

तरी तिने रक्तातला डीएनए काढून त्यावर तीच तपासणी लावली.

संध्याकाळी जेल दिव्यावर ठेवलं.

पट्टा होता.

तिने नकळत डोक्याला हात लावला. केसांखाली, मधोमध, पंजाएवढी जागा गार पडली होती.