दहा मीटरची मागणी

राख पडत असताना छत्रीशिवाय बोटीतून उतरणारा माणूस चिगुसाने कागोशिमात पहिल्यांदाच पाहिला. समोरच्या बेटावरचा ज्वालामुखीचा डोंगर पहाटेपासून धुमसत होता, वारं शहराकडे फिरलं होतं आणि धक्क्यावर राखेची बारीक भुरभुर लागली होती. आणि हा बुवा केसांत, भुवयांवर राख घेऊन, उजवा पाय किंचित ओढत निवांत चालला होता! तिला राहवेना. तिने आपली निळी छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

"या वयात इतके पांढरे केस बरे नाहीत दिसत."

"मग आता जन्मभर धरा छत्री," तो म्हणाला… आणि स्वतःच लाजला.

त्याचं नाव इसामू. बेटावर त्याची संत्र्यांची बाग होती. दोघांना एकाच इस्पितळात जायचं होतं, आणि बोलता बोलता कळलं, की खोलीही एकच. त्या खोलीत जाणाऱ्यांच्या रक्तात एक विषाणू असे. आईच्या दुधातून येतो आणि मरेपर्यंत जात नाही. पुष्कळांना तर तो असल्याचा पत्ताही लागत नाही. चिगुसाला रक्तदान केल्यावर कळलं होतं, इसामूला त्याच्या पायांनी सांगितलं होतं.

परतताना तिने छत्री त्यालाच दिली. सहा महिन्यांनी पुढच्या तपासणीला तो हात हलवत आला.

"छत्री कुठंय माझी?"

"तुझ्या घरी मागणी घालायला येईन ना, तेव्हा आणतो."

"आणि ते कधी?"

त्याने व्हरांड्याकडे बोट दाखवलं. तिथे जमिनीवर दोन पिवळ्या पट्ट्या होत्या, मध्ये बरोबर दहा मीटर. सामेशिमा सिस्टर घड्याळ लावून प्रत्येकाला चालायला लावत. चिगुसाला सात सेकंद लागले होते, त्याला अकरा. "आठात आलो, की त्याच संध्याकाळी तुझ्या बाबांसमोर," तो म्हणाला. थट्टाच ती, पण त्याचा सगळा जीव त्या आठात अडकला होता.

विषाणू एकच, मग माझे पाय शाबूत कसे, असं तिने एकदा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आईबापांकडून जे मिळतं त्यात फरक. इसामूच्या रक्तातले शिपाई विषाणूवर रात्रंदिवस तुटून पडतात, आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं… त्याच्याच पाठीच्या कण्यातल्या नसा जळतात. तिचे शिपाई गाजावाजा न करता विषाणूला मुठीत ठेवतात.

"म्हणजे मी भांडखोर," इसामू म्हणाला.

"आणि मी आळशी."

"आळशीच राहा," तो म्हणाला, पण या वेळी हसला नाही.

रविवारी ती बोटीने बेटावर जाई. तो तिच्या कोटाचे खिसे लिंबाएवढ्या संत्र्यांनी भरून टाकी. सेकंदांचं खूळ सोड आणि सरळ घरी ये, असं तिने त्याला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्याने बागेचा विषय काढला. तिला त्याचा राग येई, आणि त्या रागातही त्याच्यावर जीव जडतच होता. इकडे घड्याळ मात्र चौदा म्हणालं, मग एकोणीस, मग बत्तीस.

या वसंतात तो चाकांच्या खुर्चीतून आला. मांडीवर एक लांबट पिशवी होती. सिस्टरनी त्याला चालायला सांगितलंच नाही. चिगुसाची पाळी आली. ती पट्टीवर उभी राहिली आणि चालू लागली… हळू, उजवा पाय ओढत, अगदी त्याच्यासारखी. बत्तीस सेकंद लागले. सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कधीपासून होतंय हे?"

"काही झालेलं नाही, सिस्टर." ती इसामूकडे वळली. "असंही जाता येतं, एवढंच दाखवायचं होतं. मला घाई नाही, इसामू. कुठेच पोचायची घाई नाही."

त्याचे डोळे भरून आले.

"आता नीट चाल," मग तो म्हणाला. "तुझ्यासारखी. मला बघायचंय… टोकापर्यंत जा, सिस्टरनी हाक मारली की वळ."

ती चालली. सात सेकंदांत पलीकडच्या पट्टीवर पोचली आणि हाकेची वाट बघत खिडकीबाहेरचा डोंगर पाहत राहिली. हाक आली नाही. ती वळली तेव्हा खुर्ची नव्हती. लिफ्टचं दार मिटत होतं.

"हाक मारू नका म्हणून त्याने हात जोडले गं मला," सिस्टर म्हणाल्या.

पहिल्या पट्टीपाशी निळी छत्री भिंतीला टेकवून ठेवली होती. चिगुसाने ती उचलली. राखेचा कणही नव्हता तिच्यावर. धुऊन, वाळवून, घडीवर घडी बसवून वर पट्टा बांधला होता. धुतलेली छत्री आतून सुकायला दोन दिवस लागतात, म्हणजे त्याचं परवाच ठरलं होतं.

ती पट्टीवरच खाली बसली आणि छत्री उराशी धरून रडली. सिस्टरनी घड्याळ खिशात टाकलं आणि त्याही तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.