दहा अंशांचं पाणी

"समुद्रातले जीव चोरीले गेले म्हणे. आपल्या अमरावतीत!" ठाणेदार फोनवर वैतागले होते. "दुर्गाबाई म्हणून कोणी बाई हाये, तिच्यावर संशय हाये. अकराले त्याइचं काम तपासाले दिल्लीची समिती येऊन राहिली. त्याच्या आधी उचला तिले."

फौजदार गीतांजली भुयार नऊ वाजता त्या संशोधन संस्थेच्या तळघरात उतरली. आत अंधार होता, एकच मंद लाल दिवा. मधोमध जाड काचेची टाकी. पाणी होतं, जीव नव्हते.

डॉ. ईशान पांढरीपांडे इथे खोल समुद्रातले मऊ प्रवाळ वाढवत होते. मासेमारीच्या अवजड जाळ्यांनी समुद्राचा तळ खरवडला जातो. तिथे पुन्हा लावण्यासाठी ही चौदा महिन्यांची रोपवाटिका. काळोख, मीठ घालून बनवलेलं समुद्राचं पाणी आणि गारवा. तिन्हीपैकी एक जरी गेलं, तरी ते जगत नसत.

"शेवटचे कधी पाहिले?"

"आज सहाला. सगळे फुललेले होते, पाणी दहा अंश. आठला आलो तर टाकी रिकामी आणि चिलरची पिन काढलेली."

"चिलर म्हणजे पाणी गार ठेवणारं यंत्र?"

"हो."

"त्यानंतर पाणी बदललं?"

"मी कशालाच हात लावला नाही."

"किल्ल्या?"

"एक माझ्याकडे. दुसरी हिच्याकडे."

दाराशी दुर्गाबाई पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. झाडलोट तिची, आणि प्रवाळांना ड्रॉपरने खाणं भरवायचं कामही तिचंच.

"मावशी, सकाळी आत गेल्ता का?"

"नाई वो. चार दिवस झाले, सायबांनी मले आत येऊच नाई देल्लं. म्हणे, पाण्यात औषध टाकलं, वास घेऊ नको."

"खोटं बोलते ती!" डॉक्टर घाईने म्हणाले.

ठाणेदारांचा फोन पुन्हा वाजला. गीतांजलीने कापला. तिला एका जागी उभं राहवेना. टाकीभोवती तिने दोन फेऱ्या मारल्या, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. क्षणभर तसाच ठेवला.

"टाकीत किती लिटर?"

"हजार."

ती जिना चढून वर गेली. मे महिन्याचं ऊन आत्ताच पोळत होतं. ती परत खाली आली, तेव्हा ओला हात अजून पुसला नव्हता.

"माझे बाबा परतवाड्याला दूध संकलन केंद्र चालवायचे," ती म्हणाली. "एकदा भर मे महिन्यात दिवसभर लाइट नव्हती. हजार लिटर दूध संध्याकाळीही गारच होतं. डॉक्टर, सहाला हे पाणी दहा अंश असतं, तर आत्ता माझा हात ठणकला असता. हे तर आंघोळीच्या पाण्यासारखं आहे. चिलर कित्येक दिवस बंद आहे. मग आज सकाळी फुललेले प्रवाळ तुम्ही पाहिले कसे?"

"चोरानं आधीच बंद केलं असेल..."

"तर पहिली बोंब तुम्हीच मारली असती. तुम्ही दार लावून घेतलं. प्रवाळ चोरीला गेले नाहीत, मेले. कसे मेले, ते समितीला सांगावं लागलं असतं. चोरी झाली म्हटलं की फक्त चोर दाखवायचा. दुसरी किल्ली मावशीकडे होतीच."

डॉक्टर स्टुलावर बसले.

"रविवारी पुण्याला नव्या नोकरीची मुलाखत होती. इथे कळू नये म्हणून शनिवारपासून फोन बंद ठेवला. त्याच रात्री चिलरचा कॉम्प्रेसर जळाला, धोक्याचे संदेश मला दिसलेच नाहीत. सोमवारी पहाटे परतलो, तोवर सगळे विरघळायला लागले होते."

"कुठे आहेत?"

त्यांनी कोपऱ्यातल्या फ्रीजरकडे बोट केलं. "टाकून देववलं नाही."

"यंत्र जळालं म्हणून तुम्हाला कुणी ठाण्यात नेलं नसतं," गीतांजली म्हणाली. "आता खोट्या फिर्यादीसाठी चला."

वर फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. समिती वेळेआधीच आली होती. डॉक्टर उठले.

दुर्गाबाईने फ्रीजर उघडला. आतली काळी पिशवी तिने नुसती हाताने चाचपली, तिची गाठ सोडली नाही.

"रविवारी मी घरीच होती, सायेब," ती म्हणाली. "एक फोन कराचा होता. साऱ्या मोहल्ल्याले घेऊन टाकीले बर्फ लावत बसली असती."