जुना, नवा की माणूस?

मी गेले होते हेडफोन दुरुस्त करून घ्यायला. डाव्या कानातला आवाज बंद पडला होता, आणि माझं पोट माझ्या कानांवर चालतं. चौकश्यांमध्ये लोक जबान्या देतात, त्या ध्वनिमुद्रित होतात, आणि त्या ऐकून शब्दन् शब्द टाइप करणं हे माझं काम. स्पीकर बनवणाऱ्या त्या छोट्याशा कारखान्याच्या दारात मी तोंड उघडणार, तोच करड्या केसांच्या एका उंच बाईंनी मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

"चार वाजून सात मिनिटं झाली! ऐकणारी तूच ना? चल आत."

ऐकणारी तर मी होतेच. गेले आत.

खोलीच्या भिंती, छत, दार... सगळ्यावर जाड फोम. दार लागलं आणि बाहेरचा रस्ता एकदम नाहीसा झाला. मला माझंच आवंढा गिळणं ऐकू आलं. समोर छतापासून जमिनीपर्यंत काळा पडदा, आणि खोलीच्या मधोमध एकच खुर्ची.

"सावकाश बसा," पडदा म्हणाला. "एक पाय डुगडुगतो. म्हणजे खुर्चीचा... तुमच्याबद्दल कल्पना नाही."

मी दचकून उभीच राहिले. पुरुषाचा आवाज, खालच्या पट्टीतला, थोडा हसरा. पण त्या खोलीत आवाजाला दिशाच नव्हती. तो माझ्या मानेमागून आला असता तरी मला कळलं नसतं.

"कोण आहे तिकडे?"

"तेच तर तुम्ही सांगायचंय."

बाजूच्या काचेआडून बाईंनी नियम सांगितले. पडद्यामागे स्पीकरच्या दोन जोड्या आहेत. एक जुनी, त्यांच्या वडिलांनी घडवलेली. पातळ फळ्यांच्या छोट्या पेट्या, पुढे कापडी जाळी. दुसरी नवी, बाईंची स्वतःची. आणखी लहान, दगडासारखी कडक, ॲम्प्लिफायर पोटातच. कधी पडद्यामागच्या वाचकाचा ध्वनिमुद्रित आवाज जुन्या जोडीतून येईल, कधी नव्या, आणि कधी तो स्वतः दोन्हींच्या मध्ये बसून वाचेल. प्रत्येक वाक्यानंतर मी कागदावर खूण करायची. जुना, नवा, की माणूस.

"पंधरा बैठका. तोवर पडदा उचलायचा नाही, त्याला बघायचं नाही," बाई म्हणाल्या. "चेहरा दिसला की लोक डोळ्यांनी ऐकायला लागतात."

खरी ऐकणारी अर्ध्या तासाने आली. पण तोवर माझ्या वीसच्या वीस खुणा बरोबर निघाल्या होत्या. बाईंनी तिला चहा पाजून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, फरक कसा कळतो? मी म्हटलं, जुन्या जोडीत पेटीही त्याच्याबरोबर थोडी गुणगुणते. आवाज छातीतून आल्यासारखा ऊबदार, पण कडा विरघळलेल्या, आणि माणूस पलीकडच्या खोलीत बसलाय असं वाटतं. नव्या जोडीत तो अगदी पुढ्यात. 'स' म्हणताना जीभ दाताला कुठे लागते तेही कळतं. बोट दाखवून सांगावं, ओठ इथे आहेत. आणि तिथे तर नुसती हवा! दोन पेट्यांच्या मधोमध, जिथे काहीच नाही, तिथे तो उभा असतो. मला पहिल्यांदा चक्क भीती वाटली होती.

"आणि मी खरा वाचतो तेव्हा?" पडद्यामागून प्रश्न आला.

"तेव्हा तुम्ही वाक्य संपल्यावरही असता."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाईंनी काचेवर टकटक केली.

वाक्यं इतकी नीरस होती की विचारू नका. 'खिडकीजवळ सात पेले ठेवले आहेत.' 'चाक निखळल्यामुळे गाडी थांबली.' पण बाई कागद बदलायला वळल्या की पडदा कुजबुजायचा.

"आज केस ओले आहेत का तुमचे?"

"तुम्हाला कसं कळलं? फट आहे का पडद्याला?"

"खुर्चीच्या पाठीवर थेंब पडतायत. टप... टप... इथे सगळं ऐकू येतं हो."

"मग माझ्या मनातलंही येत असेल."

"येतं ना. पण ते वाचायची परवानगी नाही मला."

घरी ताईने माझा पार पिच्छा पुरवला. "अगं, निदान उंची तरी विचार! उद्या पडदा उघडला आणि मागे नुसताच टेपरेकॉर्डर निघाला म्हणजे?" मी हसले खरी, पण तो प्रश्न मनातून जाईना. मी त्या आवाजाच्या प्रेमात पडले होते, अगदी पुरती. आणि ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं, तो असल्याचा पुरावा माझ्याकडे एवढाच, की माझे कान तसं म्हणत होते.

अकराव्या बैठकीनंतर बाईंनी आठवडाभर सुट्टी दिली. कारण सांगितलं नाही.

बाराव्या बैठकीला मी खुर्चीत बसले आणि हळूच विचारलं, "आठवण आली का?"

उत्तर नाही. बाईंनी इशारा केला, वाक्यं सुरू झाली. तोच आवाज, तीच खालची पट्टी. पण मधे एकही शब्द नाही. बाईंची पाठ वळली तेव्हा मी पुन्हा म्हटलं, "रुसलात का?"

काळ्या पडद्यामागे काहीतरी खट् वाजलं. मग आवाज आला, शांत, सुस्पष्ट, जराही न हसता:

"चाक निखळल्यामुळे गाडी थांबली."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"थट्टा पुरे. बोलणार कधी?"

खट्. "आज दुकान उशिरा उघडेल."

उठून पळून जावं असं वाटलं. आवाज तिथेच होता, ओठ तिथेच, हातभर अंतरावर, पण बोलणारा जणू स्वतःच्याच वाक्यांत कोंडला गेला होता. मला दाराची मूठ दिसत होती. मी उठले नाही. कारण वाक्य संपल्यावर जी शांतता पडायची ती रिकामी नव्हती. तिच्यात कोणीतरी माझ्या उत्तराची वाट पाहत होतं. जबान्या ऐकताना मला हे नेहमी कळतं. गप्प बसलेला साक्षीदार आणि रिकामी खुर्ची सारखी ऐकू येत नाहीत.

"मग मी यायचं थांबवू का?" मी विचारलं.

खट्. खट्. जणू बोटं चुकत होती.

"मी दुपारपासून वाट पाहतो आहे."

त्या दिवशी मी सगळ्या खुणा 'माणूस'वर केल्या. पुढच्या तिन्ही दिवशीही.

शेवटच्या बैठकीनंतर बाई कागद घेऊन आत आल्या. चांगल्याच वैतागल्या होत्या.

"काय चाललंय तुझं? अकरा दिवस एक चूक नाही, आणि मग चार दिवस नुसतं माणूस, माणूस, माणूस! जुन्यालाही माणूस, नव्यालाही माणूस! माझी सगळी चाचणी पाण्यात गेली."

"पण तिथे माणूस होता."

"गेले चार दिवस तिथे माणूस बोललेलाच नाही," बाई एकेक शब्द तोडत म्हणाल्या. "एक शब्दसुद्धा नाही. जे ऐकलंस ते सगळं पेट्यांतून आलं."

ताईचा टेपरेकॉर्डर डोळ्यांपुढे आला. मी चार दिवस लाकडाच्या पेट्यांशी बोलत होते? त्यांच्यासाठी घरी जाऊन रडले होते? खरं काय ते कळल्याशिवाय मला त्या खोलीतून जाता येणार नव्हतं. बाई "अगं, थांब" म्हणेपर्यंत मी पडदा ओढला होता.

दोन स्टँडवर जुनी जोडी, दोनांवर नवी. मधल्या स्टुलावर एक सडपातळ माणूस, गळ्याला पांढरी पट्टी, गुडघ्यांवर बटणांची फळी. माझ्याकडे पाहून तो इतका घाबरला की फळी घसरली. मग त्याने खिशातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढून पुढे केली. बहुतेक कधीपासून लिहून ठेवली होती.

'घशातली गाठ काढली. आवाज पहिल्यासारखा येणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. सध्या दिवसाला दहा शब्दांचीच परवानगी आहे, आणि ते ऐकवत नाहीत. तुम्हाला जो आवडला तो या पेट्यांत आहे. बाई प्रत देतील. घेऊन जा.'

मी चिठ्ठी दोनदा वाचली.

"मला उत्तरं कोण देत होतं?" मी विचारलं. "एवढ्या वाक्यांतून नेमकं वाक्य कोण शोधत होतं?"

त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"मग प्रत घेऊन मी काय करू? ती मला काही विचारू देणार आहे का?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी घसा खाकरला आणि दोन्ही जोड्या बनवत राहायच्या का, असं उगाचच विचारलं. मी म्हटलं, बनवत राहा. जुन्या जोडीतून माणूस आठवतो आणि नव्या जोडीतून दिसतो, दोन्ही लागतं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि आम्हाला बाहेर पिटाळलं.

रस्त्यावर अजून ऊन होतं. तो माझ्याहून वीतभर उंच निघाला. आम्ही भिंतीच्या कडेने चाललो होतो, आणि तेवढ्यात वरच्या खिडकीतून तो आवाज आला. बाई आत काहीतरी तपासत असाव्यात. तोच हसरा, खालच्या पट्टीतला, माझा लाडका आवाज, कोणाशीच न बोलता, सात पेले मोजत होता. आणि ज्याचा तो होता, तो माझ्याशेजारी ओठ मिटून उभा होता. इतकं भेसूर मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तो... मी नाही," तो म्हणाला.

त्याचा नवा आवाज. खरखरीत, फाटका, मधेच तुटणारा. खोटं का बोलू, मी क्षणभर शहारले. त्यालाही ते दिसलं. पण तुटत आलेला तो शेवटचा शब्द ऐकायला मला त्याच्या अगदी जवळ जावं लागलं, खांद्याला खांदा लागेपर्यंत, आणि तिथून तो आवाज मुळीच परका वाटेना.

"माहीत आहे," मी म्हटलं. "तीन झाले. सात राहिले. जपून वापरा."

खिडकीतला आवाज मागे पडेपर्यंत आम्ही चालत राहिलो. मग तो थांबला.

"उद्या येशील? परवा? त्यानंतर?"

"येईन. सात झाले. आता उरलेले तीन कशासाठी राखून ठेवलेत?"

तो खाली वाकला. त्याचा श्वास माझ्या कानाला लागला.

"तू आवडतेस मला."

मी उत्तर दिलं. आणि मला काही बंदी नव्हती, त्यामुळे घर येईपर्यंत देतच राहिले.