एकाच बाजूला गोठलेली भिंत

सूलुंडच्या बेटांवर तेव्हा घरटी एक लाकडी बोट असायची. त्या सप्टेंबरात मोन्सकाकांची बोट निघाली, ती मासळीसाठी नव्हे, दगडांसाठी! भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्या रागनाला सगळ्यात बाहेरच्या बेटावरचा काळा खडक हवा होता. नॉर्वेच्या या डोंगररांगेत एक हरवलेला महासागर चिणला गेलाय, असं ती चार वर्षं सांगत होती आणि विद्यापीठातले जाणते चार वर्षं हसत होते. हिवाळी वादळांआधीचा हा शेवटचा शांत दिवस.

"चार वर्षं दगड फोडतेस," काका म्हणाले. "एवढ्यात घर बांधून झालं असतं."

"तुम्ही चाळीस वर्षं मासे धरताय. समुद्र संपला का?"

लाटेने बोट उचलली. रागनाने उडी मारली. घसरली! गुडघा फुटला, पण बोटांनी कपार सोडली नाही.

वर चढून पाहते तो काय! काळ्या खडकाच्या भिंतीला भिंत लागून उभी, आणि प्रत्येकीची एकच कड बारीक कणांची, काचेसारखी गोठलेली. दुसरी कड गेली कुठे? नंतर जमिनीखालून वर आलेल्या तप्त शिलारसाने आधीची भिंत मधोमध चिरून तिचा अर्धा भाग दूर ढकलला होता. समुद्राचा तळ असाच फाटत, रुंदावत गेला होता! रागना त्या कातळावर एकटीच नाचली. मग तिने भिंतींच्या गाभ्यातल्या दगडांची दोन पोती भरली आणि कडेचं एक. खरी मदार त्या एकावर होती. कड झटकन गोठते, म्हणून मूळ रसातली द्रव्यं तिच्यातच जशीच्या तशी सापडतात.

"रागना! वारा फिरला! चल लवकर!"

परतताना लाटा बोटीहून उंच झाल्या. एक आत कोसळली. गुडघाभर पाणी! रागनाने गाभ्याचं एक पोतं उचलून समुद्रात लोटलं. मग ओठ चावून कडेचं उचललं.

"अगं ए वेडे! टाकू नकोस!" काका ओरडले. "हलकी बोट बुचासारखी उलटते! मासळी नसली की माझा बाप दगडच भरायचा. मधोमध ठेव, नि पाणी उपस!"

ती उपसत राहिली. हात भरून आले. बोट डोलली, पण उलटली नाही! संध्याकाळी काकूंच्या चुलीपाशी मोजे वाळत होते आणि दोघं कॉफी पीत खदखदून हसत होती.

डिसेंबरात तिचा फोन आला. "काका, प्रयोगशाळेचा निकाल आला! तो समुद्राचा तळच आहे!"

काका म्हणाले, "शाबास! तळाला जाऊ नये म्हणून मी दिवसभर जिवाचं रान करत होतो, आणि तू तळच बोटीत घालून आणलास होय?"