उपाशी चुना

प्राणवायूचा काटा हिरव्या पट्ट्यात होता, अगदी ठणठणीत. तरीही आजीला धाप लागली होती आणि नीरजाचं डोकं आतून कुणी हातोडी मारावी तसं ठणकत होतं. हवेत प्राणवायू भरपूर असताना माणूस गुदमरतो कसा?

हे कोडं पुस्तकात आलं असतं, तर नीरजाने थोडा वेळ पेन्सिल चावली असती आणि मग गुपचूप मागची उत्तरं बघितली असती. पण आत्ता ती मालवणच्या समुद्राच्या तळाशी होती, ‘कालवघर’ नावाच्या पोलादी घरात. दिवे गेले होते आणि आजी बेशुद्ध पडली होती. कोड्याचं उत्तर चुकलं, तर दोघींपैकी एकही वर परतणार नव्हती.

नीरजाची आजी म्हणजे डॉ. रेवती परुळेकर. समुद्राच्या पाण्यात धुरातला वायू विरघळून ते हळूहळू आंबट होत चाललं आहे आणि त्यामुळे कालवांची (शिंपल्यात राहणाऱ्या जीवांची) कवचं पातळ होत आहेत, हे आजीच्या अभ्यासाचं काम. कालवघरात एकच मोठी गोल खोली होती. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला चूल, तिसऱ्या बाजूला प्रयोगाचं टेबल आणि त्याखाली निरनिराळ्या पावडरींची पोती.

दिवाळीच्या सुट्टीत नीरजा पुण्याहून इथे आली ती दोन भेटी घेऊन. एक, रांगोळीची भलीमोठी पिशवी, कारण समुद्राच्या तळाशी झाली तरी दिवाळी ती दिवाळीच. दुसरी, ‘लाल विवर’ या चित्रपटाची तबकडी. मंगळावरच्या गुहेत अडकलेल्या अंतराळवीरांचा हा चित्रपट थिएटरांत तुफान चालला होता आणि घरी बघायची तबकडी नुकतीच बाजारात आली होती. या चित्रपटाची विज्ञान सल्लागार होती दस्तुरखुद्द आजी! पण थिएटरात तो बघायला आजी गेलीच नव्हती.

“मेल्यांनी माझो सीनच कापून टाकलो,” ती फणकारली होती. “म्हणे, प्रेक्षक कंटाळतील!”

“आजी, तबकडीत कापलेले प्रसंगसुद्धा आहेत. मागे लिहिलंय,” नीरजा म्हणाली होती.

आजीची कळी खुलली होती. जेवण झालं की बघायचं, असं ठरलं होतं.

जेवण बाजूलाच राहिलं. वर वादळ उठलं. कालवघराला एक जबरदस्त हिसका बसला, वरून येणारी विजेची तार तुटली आणि हवा स्वच्छ करणारं यंत्र घरघरत बंद पडलं. आजी शिडीवरून कोसळली. तिच्या कपाळातून रक्त आलं. नीरजाने घट्ट पट्टी बांधली, तेवढ्यात रेडिओ खरखरला. वरच्या बोटीवरचे बाबलकाका होते. आजी पडल्याचं नीरजाने त्यांना सांगितलं.

“बाय, भिया नको! दर्या खवळलो हा, पाणबुडी सोडूक जमाची नाय. वादळ निवळला की मी येतंय. आजीक सांभाळ. रवळनाथ पाठीशी असा.”

मग रेडिओही मुका झाला.

आजीने एकदाच डोळे उघडले. “काटो बघ...” एवढं पुटपुटली आणि पुन्हा गप्प झाली.

नीरजाने काटा बघितला. हिरवा! तिचा जीव भांड्यात पडला. पण जीव भांड्यात फार वेळ राहिला नाही. आजीचा श्वास भराभर चालायला लागला, कुत्र्याने धापा टाकाव्यात तसा. नीरजालाही जिना चढून आल्यासारखं व्हायला लागलं. तेव्हा तिचं लक्ष शेजारच्या, दुसऱ्या काट्याकडे गेलं. त्याच्याखाली लिहिलं होतं: कार्बन डायऑक्साइड (आपण श्वास सोडतो तेव्हा बाहेर पडणारा वायू). तो काटा पिवळा पट्टा ओलांडून लाल पट्ट्याच्या दाराशी पोचला होता.

खोली बंद होती. यंत्र बंद होतं. त्या दोघी जो श्वास सोडत होत्या, तोच इथे साठत होता. म्हणजे आपणच आपली हवा खराब करतोय! श्वास कोंडून धरावा असं तिला वाटलं, आणि तिने तो धरलाही, पण असा किती वेळ धरणार? आणि आजीला कसं सांगणार?

ती रडली. एकटीच असल्यामुळे मोठ्याने रडली. रडल्यावर श्वास आणखी वाढला, म्हणून घाबरून तिने रडणंही थांबवलं.

मग तिला ‘लाल विवर’ आठवला. त्यातले अंतराळवीर असेच अडकतात, असेच धापा टाकतात आणि मग त्यांची कप्तान एक पिशवी फोडून गुहाभर पांढरी पावडर पसरते. संगीत वाढतं. सगळे वाचतात. थिएटरात नीरजाने टाळ्या वाजवल्या होत्या.

पांढरी पावडर! रांगोळी!

बुडत्याला काडीचा आधार. नीरजाने पिशवी फोडली आणि जमिनीवर, टेबलावर, आजीच्या पलंगाभोवती मुठीमुठीने रांगोळी पसरली. मग काट्यासमोर बसून राहिली. काटा थांबेना. मुंगीच्या पावलाने का होईना, तो लाल पट्ट्यात शिरलाच. आजीचे ओठ कोरडे पडले होते. नीरजाने हाक मारली तरी तिने हूं केलं नाही.

चित्रपट खोटा होता का? नीरजाला हुंदका फुटणार होता, तेवढ्यात तिच्या मनात आलं, थिएटरात कापलेला तो प्रसंग! आजीने कंटाळवाणं असं सांगितलं तरी काय होतं?

आणीबाणीच्या बॅटरीला एकच खाच होती आणि त्यात दिवा लावलेला होता. तबकडी बघायची तर दिवा काढावा लागणार होता. समुद्राच्या तळाशी दिवा विझवायचा! नीरजाची पाचावर धारण बसली. तिने तबकडी पडद्याच्या यंत्रात घातली, डोळे मिटून दिवा काढला आणि चाचपडत पडद्याची पिन खुपसली.

पडदा उजळला. आणि काय सुरू झालं? सूचना. ‘या तबकडीची नक्कल करणे हा गुन्हा आहे.’ मग टूथपेस्टची जाहिरात. मग येणाऱ्या तीन चित्रपटांच्या झलकी. नीरजाने पुढे ढकलायची सगळी बटणं दाबली, पण जाहिराती काही हटेनात. इथे जीव कंठाशी आलेला आणि पडद्यावर एक बाई दात दाखवत हसत होती. त्या बाईचा नीरजाला आयुष्यात कुणाचा आला नसेल एवढा राग आला.

शेवटी ‘कापलेले प्रसंग’ आले, आणि अंधाऱ्या खोलीत आजीचा आवाज घुमला.

“माणूस बंद जागेत गुदमरतो, तेव्हा प्राणवायू संपला असं आपल्याला वाटतं,” पडद्यावरची आजी चष्म्यावरून बघत म्हणाली. “पण प्राणवायू संपायच्या कितीतरी आधी कार्बन डायऑक्साइड माणसाला लोळवतो. आधी डोकं दुखतं, मग धाप लागते, मग शुद्ध हरपते. म्हणून हवेतून हा वायू काढून घेणारं काहीतरी हवं. आपल्या कोकणात ते शेकडो वर्षं आहे. त्याचं नाव चुना.”

आजीने एक शिंपला उचलला. “हा शिंपला म्हणजे पोट भरलेला चुना. याच्या पोटात कार्बन डायऑक्साइड आधीच गच्च बसलाय. शिंपले भट्टीत भाजले की तो वायू उडून जातो. उरलेल्यावर पाणी घातलं की होतो विरलेला चुना. हा चुना उपाशी असतो! हवेतून तो आपला वायू परत खायला लागतो आणि खाता खाता पुन्हा दगडासारखा होतो. भिंतीला दिलेला चुना कडक होतो, तो यामुळेच.”

मग ती थेट पडद्याबाहेर बघून म्हणाली, “आता एक मोठी चूक. पांढरं दिसलं की सगळा चुनाच, असं समजू नका. रांगोळीसुद्धा पांढरी असते, पण ती असल्याच पोट भरलेल्या दगडाची पूड. तिला भूक नाही. ओळखायचं कसं? लिंबू पिळा. फसफसलं, तर पोट भरलेलं. नाही फसफसलं, तर उपाशी असू शकतं.”

नीरजाने जमिनीवरच्या रांगोळीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“आणि पोतं उघडून नुसतं ठेवू नका,” आजी सांगत होती. “वरचाच थर जेवेल, खालचा तसाच राहील. पाण्यात खिरीसारखा कालवा, कापडांना माखा आणि कापडं टांगा. जितकी पंगत लांब, तितकी जास्त पानं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका, चुना डोळ्यांत गेला तर डोळे जातात.”

नीरजाने पडदा तसाच चालू ठेवला, त्याच्याच उजेडात टेबलाखालची पोती ओढली. पांढरी पोती दोन होती. माशांसाठी आणलेलं लिंबू कापून तिने पहिल्या पोत्यातल्या चिमटीवर पिळलं. फसफस! ती शिंपल्यांची पूड होती. दुसऱ्या पोत्यातल्या चिमटीवर पिळलं आणि कान लावला. काहीच आवाज नाही. आंबट पाण्याचा आंबटपणा मारायला आजीने आणून ठेवलेला चुना तो हाच.

मोजे, चष्मा, बादली. डोकं फुटायला आलं होतं, दर दोन पावलांनी तिला बसावं लागत होतं. चादरी, पंचे, टॉवेल आणि शेवटी आजीची दोन लुगडी तिने चुन्यात बुडवली आणि दोऱ्या बांधून खोलीभर टांगली. आजीच्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना पांढरे पडदे उभे राहिले. मग एक पाट घेऊन ती वारा घालत राहिली, खोलीतली हवा कापडांवरून फिरावी म्हणून.

काटा लालच होता. ती वारा घालत राहिली. काटा लालच. ‘आजी, तू खोटं नाही ना बोललीस?’ ती मनात म्हणत होती. पडदा विझला, बॅटरी संपली. आता काटाही दिसत नव्हता. काळोखात फक्त आजीचा श्वास ऐकू येत होता, आणि नीरजा तोच ऐकत वारा घालत होती. खूप वेळाने तिला जाणवलं की तो श्वास जरा सावकाश झालाय. तिला वाटलं, भास असेल. पण पुढचा श्वास त्याहून सावकाश होता.

“गो चेडवा,” काळोखातून क्षीण आवाज आला, “माझ्या तोंडार ह्या ओला काय टपटपता? लुगडा माझा?”

नीरजाने आधी पटकन आजीचा चेहरा कोरडा पुसला, मग तिला मिठी मारली आणि मनसोक्त रडली. आता रडायला हरकत नव्हती.

वादळ निवळल्यावर बाबलकाका पाणबुडी घेऊन आले. झरोक्यातून आत विजेरीचा उजेड टाकला, तेव्हा त्यांना खोलीभर कडक झालेल्या पांढऱ्या चादरी दिसल्या आणि त्यांच्यामध्ये दोघी, हातात हात घेऊन बसलेल्या.

पुढे मालवणच्या घरी, कपाळाला नवी पट्टी बांधलेली आजी अंगणात बसली होती. नीरजाने त्या लुगड्याचा एक तुकडा आणला. तो पापडासारखा कडक झाला होता.

“आजी, आता हा कायमचा वाया गेला?”

“छे! भट्टीत भाज, पाणी घाल, की पुन्हा उपाशी. पुन्हा जेवायला तयार. एकच चुना पुन्हा पुन्हा वापरता येतो.”

“मग मंगळावरही?”

“तिथल्या काही खडकांत पोट भरलेला चुना सापडलाय. भट्टी पेटवायला मात्र कुणीतरी जायला हवं.” आजीने तिच्याकडे तिरप्या नजरेने बघितलं. “जाहिराती बघायची सहनशक्ती असलेलं कुणीतरी.”

नीरजा हसली. मग तिने लिंबाचा एक थेंब त्या तुकड्यावर टाकला. बारीक बुडबुडे आले, फसफस झाली.

“काय बाहेर पडतंय सांग?” आजीने विचारलं.

नीरजाने वाकून कान लावला. उत्तर तिला माहीत होतं. त्या काळोखात दोघींनी सोडलेला श्वास चुन्याने सांभाळून ठेवला होता, तो आता परत निघाला होता.

आजीने लिंबाची फोड पुढे केली, पण नीरजाने दुसरा थेंब टाकला नाही. तुकडा तिने रुमालात गुंडाळून दप्तरात ठेवला. त्यात आजीचाही श्वास होता.