बंडाफेच्या डॉक्टरवरचा विषप्रयोग

बंडाफेच्या बाजारातल्या प्रचारसभेत डॉक्टर ऐया न्याकोई बोलता बोलता थांबले. माइक हातातून निसटला आणि पाठोपाठ ते स्वतः व्यासपीठावर कोसळले.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग एक बाई किंचाळली, "कोला! कोलात विष होतं!"

नुकतंच सगळ्यांनी पाहिलं होतं. विरोधी उमेदवाराचे पाठीराखे, मुखिया कोंबा, स्वतः व्यासपीठावर आले होते. निवडणुकीत डोकी फुटू नयेत म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणे कोलाचं बी मोडलं होतं; हे कडू बी दोघांनी वाटून खाल्लं की सलोखा झाला असं इथे मानतात. अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं डॉक्टरांना दिलं. ताटली धरून उभा होता त्यांचा म्हातारा सेवक सार.

मुखियांना त्यांच्या माणसांनी गाडीत घालून पळवलं. सार मात्र लोकांच्या तावडीत सापडला.

इन्स्पेक्टर फिंदा ग्बेंडा पोचली, तेव्हा म्हातारा पोट धरून धुळीत पडला होता. तिने हवेत गोळी झाडली, त्याला सोडवलं आणि डॉक्टरांच्या मागोमाग दवाखान्यात आणलं.

फाटकाबाहेर गर्दी वाढत होती. "मुखियाचं घर पेटवा!" आरोळ्या आत ऐकू येत होत्या.

फिंदाची दोन्ही मुलं डॉक्टर ऐयांच्या हातून जन्मली होती. पंचक्रोशीत सर्जन म्हणावा असा तो एकच माणूस. सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि टेबलावरची बाळंतीण अंधारात दगावली. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "टाके मी घालीन, पण वीज कोण आणणार?" म्हणून ते राजकारणात उतरले. पहिल्या निवडणुकीत पडले. या खेपेलाही वारं त्यांच्या बाजूने नव्हतं.

"कसलं विष?" फिंदाने सिस्टर मारियामाला विचारलं.

"विषाचं लक्षण नाही, मॅडम. ना उलटी, ना फेस. रक्तातली साखर पार खाली गेलेली. ग्लुकोज लावलं, शुद्धीवर आले. थोड्या वेळाने पुन्हा खाली."

"असं कशाने होतं?"

"मधुमेहाच्या गोळ्यांनी. डॉक्टरांना तर मधुमेह नाही."

"गोळीचा असर लगेच होतो?"

"लगेच कसा होईल? वेळ लागतो. कोला तर त्यांनी नुकता तोंडात टाकला होता."

"ग्लुकोज होतं म्हणून वाचले म्हणायचे."

"नशीबच! महिनाभर एक बाटली नव्हती. आज सकाळी अचानक खोकं आलं."

फिंदा व्हरांड्यात आली. डॉक्टरांची बायको येई भिंतीला टेकून बसली होती.

"वहिनी, सकाळी डॉक्टरांनी काय खाल्लं?"

"काही नाही. तांदळाची पेज केली होती, शिवलेसुद्धा नाहीत. नुसता चहा घेतला, तोही बिनसाखरेचा."

"नेहमी तसाच घेतात?"

"छे हो! तीन चमचे साखर लागते त्यांना. त्यावरून रोज आमचं वाजतं."

"आज चहा कुणी केला?"

"त्यांनीच. मला म्हणाले, तू बस."

"घरात मधुमेह कुणाला आहे?"

येई ताडकन उभी राहिली. "माझ्या आईला. म्हणजे आता तुम्ही त्या म्हातारीला बेड्या घालणार?"

"नाही," फिंदा हळूच म्हणाली.

दवाखान्याचा ड्रायव्हर तांबा गाडीपाशी बसला होता.

"ग्लुकोजचं खोकं तू आणलंस?"

"हो."

"कुणी सांगितलं?"

तो उठून फडक्याने गाडीची काच पुसू लागला.

"तांबा, बाहेरचे लोक मुखियाचं घर जाळायला निघालेत. आत लहान पोरं आहेत."

"डॉक्टरांनीच," तो पुटपुटला. "म्हणाले, सभेआधी सिस्टरच्या हातात दे. मी पाठवलं हे सांगू नकोस."

डॉक्टर जागे होते. फिंदाने दार लावून घेतलं.

"कोलात काही नव्हतं, डॉक्टर. त्याच बीचा अर्धा भाग मुखियांनी खाल्ला आणि ते ठणठणीत आहेत. गोळ्या सकाळीच पोटात गेल्या होत्या. पण सकाळी तुम्हाला कुणी काही दिलंच नाही. चहासुद्धा तुम्ही स्वतः केलात. साखर लवकर उतरावी म्हणून पेज टाळलीत, चहात साखर घातली नाहीत. आणि ज्याला ही गोष्ट आधी ठाऊक होती, त्यानेच ग्लुकोज पाठवून ठेवलं. तुम्हाला मारायला निघालेला माणूस ते कशाला पाठवील?"



"मला फक्त भोवळ यायला हवी होती. लोक हळहळले असते. मुखियाचं नाव मी घेणार नव्हतो."

"घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांसमोर कोला मोडावा, हे त्यांना कुणी सुचवलं?"



"मी," ते म्हणाले. "फिंदा, मी निवडून आलो तर इथे वीज येईल. मतदानापर्यंत चार दिवस गप्प राहा."

"सारला लोकांनी तुडवलंय."

"कुणाला?"

तेवढ्यात सिस्टर धावत आली. "म्हाताऱ्याचं पोट फुगलंय, रक्तदाब उतरतोय. आत रक्त वाहतंय. जिल्ह्याला पोचायचा नाही तो."

डॉक्टर कॉटवरून खाली उतरले. भिंत धरून उभे राहिले.

"टेबल तयार करा. माझी ग्लुकोजची बाटली पायाला लावा, हात मोकळे राहू देत. मी स्टुलावर बसून करीन."

"तुमचा हात थरथरतोय," फिंदा म्हणाली.

"साखर चढली की थांबेल. दुसरा कोण आहे इथे?"

दुसरा कुणीच नव्हता. फिंदा दारातून बाजूला झाली.

भूल देण्याआधी सारने डॉक्टरांचं मनगट पकडलं. "साहेब, आईची शपथ, मी विष नाही घातलं."

"ठाऊक आहे, बाबा. गोळ्या मीच घेतल्या."

म्हाताऱ्याला ते समजलं की नाही, कोण जाणे. फुटलेली प्लीहा काढावी लागली, पण तो वाचला.

डॉक्टर तसेच, रक्ताळलेल्या गाऊनमध्ये, पायरीवर आले. लोकांनी जयजयकार केला. त्यांनी हात वर करून सगळं सांगितलं.

"खोटं! पोलिसांनी वदवून घेतलंय!" कुणीतरी ओरडलं.

त्यांनी पुन्हा सांगितलं. गर्दी आणखी खवळली. एक दगड फिंदाच्या खांद्याला लागला.

तेव्हा येई पुढे आली. तिचा आवाज चिरका झाला होता.

"खरं बोलताहेत ते. गोळ्यांचं रिकामं पाकीट सकाळी मला चुलीपाशी सापडलं. मी नवऱ्याचं पाप झाकत बसले. त्या म्हाताऱ्याने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

मागची माणसं आधी वळली, मग पुढची. ना कुणी शिवी दिली, ना कुणी थुंकलं. हातातल्या काठ्या तिथेच टाकून लोक घराकडे चालू लागले.

डॉक्टर पोलिसांच्या जीपमध्ये बसले आणि ओक्साबोक्शी रडले. फिंदाने गाडी सुरू केली.