अर्धा इंच कमी

टेबल अर्धा इंच कमी भरलं, तिथून सगळं सुरू झालं.

कापड कापायचं नवं टेबल घेऊन सुतार माझ्या शिवणकामाच्या खोलीत आला. मी टेपने उंची मोजली आणि भांडायलाच उभी राहिले. त्याने शांतपणे स्वतःचा लोखंडी टेप काढून माझ्या कापडी टेपशेजारी धरला.

"टेलरबाई, किती वर्षं वापरताय हा?"

"वीस."

"ताणलाय. तुमचा इंच लोकांच्या इंचापेक्षा मोठा आहे."

अंगाची मापं मी दुसऱ्या टेपने घ्यायचे, कापड मात्र याच टेपने कापायचे. म्हणजे वीस वर्षं मी सगळ्या गावाला ढगळ कपडे घालत होते! आणि गिऱ्हाईकं कौतुकाने म्हणायची, तुमच्याकडचं कसं ऐसपैस असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र हसला नाही. माझ्या इंचाला पुरेल असे टेबलाच्या पायांखाली ठोकळे बसवून निघून गेला... न हसल्याबद्दल तो मला तेव्हाच आवडला.

दोन दिवसांनी तो पुन्हा दारात.

"कड घासायची राहिली होती."

"परवा घासलीत की."

"परवा डावी घासली."

मग उजवी झाली, मग खण अडकतो म्हणून, मग अडकत नाही ना ते बघायला. लाकडाचा भुसा भुवयांवर घेऊन यायचा. बोलायचा कमी, पण मी बोलताना हातातलं काम थांबवायचा. बेचाळीस वर्षांत माझं असं कुणी ऐकलं नव्हतं.

एके दुपारी खण तपासता तपासता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. एकटा आहे. तुमची हरकत नसेल तर... लग्न करूया का?"

हो अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

"आधी एक ऐका. मला मूल हवंय. डॉक्टर म्हणाल्या, होऊ शकतं, पण खात्री नाही, आणि वेळ थोडा आहे. तुम्हाला नको असेल तर आत्ताच सांगा."

त्याने खण हळूच बंद केला. "विचार करून सांगतो," म्हणाला, आणि गेला.

दहा दिवस फिरकला नाही. आई धुसफुसत होती. "चांगला माणूस चालून आला होता. लग्न झाल्यावर सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"फसवून संसार करू?"

"या वयात संसार मिळतोय हेच खूप आहे."

मी मशीन जोरात चालवलं. आईला ऐकू जाईल असं रडायचं नव्हतं.

अकराव्या दिवशी तो आला. बगलेत एक फाईल होती, दवाखान्याची.

"रक्त, हृदय, सगळं तपासून घेतलं," तो म्हणाला. "साखर थोडी वाढलीय. चहा बिनसाखरेचा केलाय. सिगारेट सोडली, आज नववा दिवस. मूल वीस वर्षांचं होईल तेव्हा मी सत्तरीला टेकलेला असेन. तोवर टिकायला हवं ना."

"मग इतके दिवस गप्प का होतात?"

"घाबरलो होतो." त्याने फाईल टेबलावर ठेवली. "मी झालो तेव्हा माझे वडील पन्नाशीचे होते. मी पंधरा वर्षांचा असताना गेले. मला ते अजून हवे होते, आजही हवे आहेत... पण त्यांनी मला जन्मालाच घालायला नको होतं, असं एकदाही वाटलं नाही. हे कळायला दहा दिवस लागले."

माझे डोळे भरून आले. एवढा मोठा बाप्या, आणि नुसतं हो म्हणून मोकळा होण्याऐवजी दहा दिवस आपल्या जखमेवरची खपली काढत बसला होता. माझ्यासाठी. आमच्या अजून नसलेल्या मुलासाठी.

तरी विचारायलाच हवं होतं.

"आणि... नाहीच झालं तर?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तर मला वाईट वाटेल," तो म्हणाला. "खूप वाटेल. पण तुझ्याशेजारी बसून वाटेल."

मी फाईल बाजूला सारली, त्याचा खरखरीत हात दोन्ही हातांत घेतला आणि हो म्हटलं. दाराआड आई नाक ओढत होती.